घड्याळजीचे तीन सदरे

...आणि वर मलाच विचारतात हो, "मास्तर, रक्त कॉलरपासून सुरू करायचं की खिशापासून?" शी! म्हणजे माणूस मारायचा तुम्ही, का मारायचा ते ठरवायचं तुम्ही, आणि डाग कुठे पाडायचा ते मी सांगू? किळस आली, तुम्हाला सांगतो, अक्षरशः किळस! पस्तीस वर्षं मालिकांच्या कपडेपटात मशीन चालवतोय, राजे शिवले, दरबारी शिवले, भिकारी शिवले, चांगले सदरे शिवून स्वतःच्या हाताने फाडून दिले, पण तोंड असं कडू कधी झालं नव्हतं. बसा, बसा, नीट बसा, हे लांबणार आहे.

तर आमच्याकडे मागच्या काळातल्या मालिका बनतात. घोडागाड्या, झुंबरं, लांब डगले, आणि प्रत्येक वाक्य झालं की ज्याने त्याने खिडकीतून बाहेर बघायचं, तसल्या. लेखकाने पुढचे भाग लिहिले की कपडेपटाला यादी येते. नायिका, झगे दोन. सासरे, डगला एक. आणि ज्याच्या नावापुढे 'सदरे तीन, सारखे' असं आलं ना, तो मेला! का म्हणाल, तर एक कोरा, मरायच्या आधीचा. एक अर्धा भिजलेला, गोळी लागतानाचा. आणि एक पूर्ण लाल, कोणाच्या तरी मांडीवर डोकं ठेवून बोलतानाचा, कारण आमच्याकडे माणूस लगेच मरत नाही, आधी बोलतो, चांगला दीड भाग बोलतो. म्हणजे बघा, नटाला कळायच्या आधी, त्याच्या बायकोला कळायच्या आधी मला कळतं. तीन सदरे आले की समजायचं, माणूस गेला.

आता मरतात तर मरू देत, मागच्या काळातली माणसं, आज असती तरी कितीशी टिकली असती! पण मरतं कोण, ते बघा ना! दोन पुरुषांनी एकमेकांवर जीव लावला की त्यातला एक गेलाच. दोन बायकांनी लावला, तरी तेच. पहिली जोडी होती शिपाई आणि आचारी, काय गोड जोडी हो! आचारी त्याच्या ताटात गुपचूप जास्त वाढायचा, बस्स, एवढंच प्रेम. आली यादी, 'आचारी, सदरे तीन'. गेला! मग दोन बायका आल्या, एक सरदारीण आणि एक तिला गाणं शिकवणारी. तिथे यादीत तीन काहीच नव्हतं, मी म्हटलं, सुटल्या बायका एकदाच्या... तर खाली बारीक अक्षरात, 'हातरुमाल एक डझन, पांढरे'. क्षय! तिसरा तर घोड्यावरून पडून मेला. अहो, त्या मालिकेत घोडाच नव्हता! शंभर भागांत घोडा दिसला नाही, सगळे पायी फिरायचे, आणि याला मारायला म्हणून एका दिवसापुरता घोडा आणला! तो घोडासुद्धा ओशाळला होता, मी बघितलंय त्याचं तोंड.

आणि नवरा-बायको असले की? दरीत पडतात, परत येतात. आगीत सापडतात, परत येतात. एक नायिका तीनदा मेली, आणि तिसऱ्यांदा चेहरा बदलून आली, माप घ्यायला गेलो तर माणूसच दुसरं! म्हणजे त्यांना मरण माफ, आणि आमच्या... म्हणजे या लोकांना साधी शिंक आली तरी उचलायची तयारी! आणि जिवंत असेपर्यंत तरी काय करू देतात? बघू देतात. नुसतं बघायचं! हात हाताजवळ येतोय... येतोय... आला... की कॅमेरा पडद्यावर! पडदा हलतोय. वारा नाही, खिडकी नाही, मागे उकिडवा बसून मी हलवतोय! पडदाही मीच शिवलेला. त्या पडद्याने जे पाहिलंय ना, ते प्रेक्षकांनी जन्मात पाहिलं नाही.

आणि वर बक्षिसं! चॅनेलच्या मॅडम व्यासपीठावर, गळा दाटून, "आम्ही किती धाडसी विषय हाताळला..." डोंबलाचं धाडस! जिवंत ठेवून दाखवा, मग बोला! आणि तो नट, त्याची पेपरात मुलाखत, "ही भूमिका मला फार जड गेली, तयारीसाठी मी तीन महिने एकांतात होतो." अरे बाबा, तुला एका माणसाकडे प्रेमाने बघायचं होतं, डोंगर नव्हता उचलायचा! मी एकतीस वर्षं बघतोय, रोज सकाळी, पारोशा तोंडाने, मला कोणी साधी टाळी वाजवली नाही.

हां, आता तोंडून निघालंच आहे तर सांगतो. घरी डिंक्या आहे. डिंक्या हे काही त्याचं नाव नव्हे हो, बाइंडर आहे तो, पुस्तकं बांधतो, बोटांना कायम डिंक, आणि एकतीस वर्षांपूर्वी जो चिकटला तो चिकटला. घरमालकीण खाली राहते, काकू म्हणतो आम्ही तिला. खोली भाड्याने घेतली त्या पहिल्याच दिवशी ही दारात, हात कमरेवर, "दोघे एकमेकांचे कोण?" आणि माझ्या तोंडून पटकन गेलं, "मावसभाऊ!" झालं! तेव्हापासून मावसभाऊ. दवाखान्याच्या कागदावर मावसभाऊ, लग्नाच्या आमंत्रणावर 'मावसभावासह', त्याच्या छापखान्यात मी मावसभाऊ, माझ्या कपडेपटात तो मावसभाऊ. तोंडाला इतकं वळण पडलं की झोपेत उठवून कोणी विचारलं तरी तेच निघेल.

तर हा डिंक्या, संध्याकाळी साडेसात वाजले की टीव्हीसमोर. बाइंडर माणूस, शेवटची पानं आधी हातात येतात त्याच्या, तरी दर वेळी नव्याने फसतो! "ह्या वेळी वाचतात का रे?" मी गप्प. यादी घरी सांगायची नाही, हा आमचा नियम. घोड्यावरचा मेला तेव्हा हा चार दिवस बोलला नाही. चार दिवस! पाचव्या दिवशी जेवताना म्हणाला, "मला मरण्याचं काही नाही रे, सगळेच मरतात. पण एकदा तरी दोघांना म्हातारं होऊ द्या. चष्मा कुठे ठेवला म्हणून भांडताना दाखवा. साठीला आलो मी, आपल्यासारखी दोन म्हातारी माणसं पडद्यावर एकदाही बघितली नाहीत. आपण आहोत की नाही अशीच शंका यायला लागलीय." हातातला घास ताटात ठेवला, खरं सांगतो. पाणी प्यायच्या निमित्ताने उठलो.

आणि मग आली ही मालिका. सरदार आणि घड्याळजी. सरदाराच्या हवेलीत एक मोठं घड्याळ, ते दुरुस्त करायला घड्याळजी यायचा. आता घड्याळ सुरू झालं की हा जाणार, मग सरदार काय करायचा? याची पाठ वळली की स्वतःच घड्याळात काडी घालायचा! चाळीस भागांत ते घड्याळ एकोणीस वेळा बंद पडलं, आणि घड्याळजीला कळत होतं हो, काडी काढून खिशात ठेवायचा, एकोणीस काड्या जपून ठेवल्या होत्या त्याने! लोक वेडे झाले. डिंक्या तर विचारू नका, पुस्तकं बांधता बांधता त्याच्या तोंडी घड्याळजी. आणि सोळाव्या भागात सरदाराने घड्याळजीला सदऱ्याचं कापड भेट दिलं. निळसर, विणीतच बारीक चौकड्या. ते कापड मी आणलेलं, एका बंद पडलेल्या गिरणीच्या जुन्या मालातून, तसं आता शोधून सापडणार नाही. तो सदरा इतका गाजला की मॅडमनी जाहिरातीच्या पाट्यांवर तोच लावला, जिथे जावं तिथे चौकात सदरा लटकलेला!

आणि एका दुपारी यादी आली. 'घड्याळजी. भेट मिळालेला सदरा. तीन, सारखे.' कात्री हातातून सुटली ती पायावर. तीन सदरे आले की... म्हणा, तुम्हीच म्हणा आता... माणूस गेला! सरदाराचा मेहुणा गोळी घालणार, म्हणे. घरी गेलो, चेहरा अगदी इस्त्री करून गेलो, तरी डिंक्याने एकदा बघितलं आणि विचारलं, "तीन?" मी म्हटलं, "तीन कसले? जेव गुमान." तो उठला, कपाटातून चादर काढली, टीव्हीवर घातली, चारी कोपरे नीट खोचले, आणि म्हणाला, "पुरे झालं." ओरडला असता तर परवडलं असतं.

दुसऱ्या दिवशी बैठक. दिग्दर्शक, लेखक, चॅनेलच्या मॅडम, आणि कोपऱ्यात गळ्यात टेप घालून मी. आणि तिथेच तो प्रश्न, कॉलरपासून की खिशापासून! माझ्या डोळ्यांसमोर ती चादर, ते खोचलेले कोपरे... काय अंगात शिरलं कोण जाणे, मी म्हटलं, "कापड संपलं."

खोटं! साफ खोटं! तीन सदऱ्यांचं कापड माझ्याच खाटेखाली ट्रंकेत होतं, वर डांबराच्या गोळ्या घालून.

"संपलं म्हणजे?" दिग्दर्शक. "संपलं म्हणजे नाही." "तसलंच दुसरं आणा." "सर, चौकाचौकात तो सदरा टांगलाय तुम्ही, लोक चौकड्या मोजतील." "मग जो आहे त्यातच मारू." मी म्हटलं, "मारा की! पण तो एकच आहे, आणि आपल्या घड्याळजीने पाणी पिण्याचा शॉट अकरा वेळा दिला होता, तो एका फटक्यात नीट मरेल याची खात्री कोण देतं?" कोणी दिली नाही. लेखक म्हणाला, "विष देऊ!" मी म्हटलं, "फेस येणार, कॉलरवर." "बुडवू!" "निळा रंग आहे, पाण्यात सुटतो." "दरीत ढकलू!" "कोपर फाटतं." "फास?" "कॉलर चुरगळते, आणि त्या कापडाची चुरगळ निघत नाही." अहो, मी माझ्या आयुष्यात एवढं भराभर खोटं बोललो नव्हतो. आणि तेवढ्यात लेखकाला सुचलं, "छातीत कळ!"

आली का पंचाईत! कळ स्वच्छ असते हो, डाग नाही, फाटणं नाही, काही नाही. मॅडम तर खूश, "हां, कळ छान आहे, सोज्वळ वाटते." तोंडचं पाणी पळालं माझ्या. मग म्हटलं, "कळ उत्तमच. फक्त याचं डोकं मांडीवर घेऊन सरदार रडणार ना? डोळ्यांत ग्लिसरीन, गालाला रंग, मिशीला गोंद. तो रडला की ते सगळं ओघळून याच्या छातीवर. तेव्हा त्याने जरा लांब उभं राहून रडावं. खोलीच्या त्या टोकाला." दिग्दर्शक म्हणाला, "त्या टोकाला? तो काय बसची वाट बघतोय का?" आणि मॅडमनी कपाळाला हात लावला, "अहो, मग मारताच कशाला त्याला! जगू दे! सदरा तरी वाचेल!"

ऐकलंत? सदरा! माणसासाठी नाही हं, सदऱ्यासाठी! आचारी मेला, गाणारीण मेली, घोड्यावरचा मेला, कोणाला काही वाटलं नाही, आणि चौकडीचा सदरा म्हटल्यावर सगळ्यांची काळजं हलली! शी! पण मी म्हटलं, असू दे, देव तारी त्याला कोण मारी म्हणतात, इथे शिंपी तारी. आणि लगेच गरीब चेहरा करून पुढचं घुसवलं, "शेवट वीस वर्षांनंतरचा दाखवा की. पांढऱ्या केसांचे दोन टोप तयार आहेत आपल्याकडे. एकाचा चष्मा हरवलाय, दोघे भांडतायत..." मॅडम म्हणाल्या, "घरगुती आहे. आवडलं." तुम्हाला सांगतो, मनात मी डिंक्याच्या टीव्हीवरची चादर काढून, घडी घालून, कपाटातसुद्धा ठेवली!

तेवढ्यात त्या लेखकाने पेन खाली ठेवलं. म्हणाला, "पण दोन म्हातारे पुरुष एका घरात राहतायत. शेजारच्या बाईने विचारलं, एकमेकांचे कोण, तर?"

वर पंखा फिरतोय. मॅडम दिग्दर्शकाकडे बघतायत, दिग्दर्शक लेखकाकडे... एकतीस वर्षांची सवय हो, 'एकमेकांचे कोण' हे शब्द कानावर पडायचा अवकाश...

"मावसभाऊ!"

कोण बोललं? मी बोललो! माझ्याच तोंडातून! मॅडम खुर्चीतून उठल्या, "वा मास्तर, वा! कोणाची तक्रार नाही, सगळ्यांचं समाधान!" आणि लेखकाने लिहिलंसुद्धा! मी म्हणतोय, "नाही, नाही, तसं नव्हे, ते चुकून..." कोण ऐकतंय! गोळीतून वाचवला, विषातून वाचवला, दरीच्या तोंडातून मागे खेचला, आणि शेवटी माझ्या या दीड वितीच्या जिभेने त्याचा घात केला. दुसऱ्यांची किळस येते म्हणत होतो ना? त्या दिवशी स्वतःची आली.

डिंक्याला एवढंच सांगितलं, "शेवटचा भाग बघ." पुढचं सांगायची छाती झाली नाही. चादर मी काढली. आणि ट्रंकेतलं कापड काढून दोन सदरे शिवले, एक त्याला, एक मला. तिसऱ्याचं कापड उरलं, पण त्याला कात्री लावली नाही. तीन सदरे म्हणजे... नकोच ते.

साडेसात वाजले. आम्ही दोघे खाटेवर, नवे सदरे घालून. पडद्यावर सरदार म्हातारा, घड्याळजी म्हातारा, टोप जरा वाकडा बसला होता पण चालायचंच. सरदार चष्मा शोधतोय, "कुठे ठेवलास माझा चष्मा?" आणि घड्याळजी म्हणतो, "डोक्यावर आहे तुझ्या, मूर्खा." डिंक्याने माझा हात धरला, डिंकाचा चिकट हात, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी, "म्हातारे झाले रे! झाले की नाही! बघ, कसे भांडतायत!" अहो, माझं सगळं भरून पावलं त्या क्षणी. आणि तेवढ्यात पडद्यावर शेजारीण आली. आलीच मेली! "हे कोण?" आणि सरदार म्हणतो, "हा? हा माझा मावसभाऊ."

हातातला हात थंड झाला. डिंक्या सावकाश माझ्याकडे वळला. "हे... कोणी सुचवलं?" मी लगेच खिडकीतून बाहेर बघायला लागलो, मालिकेतल्यासारखा. बाहेर काही नव्हतं, समोरची भिंत होती. लाज वाटली हो, अंगावरचा सदरा टोचायला लागला. त्याने बाहीने डोळे पुसले आणि म्हणाला, "दोघे जिवंत आहेत ना? मग झालं. आपणही असेच जगलो की." यापेक्षा त्याने चार दिवस बोलणं सोडलं असतं तर बरं झालं असतं.

आणि दार वाजलं. खालच्या काकू! सत्तरी उलटली, गुडघे कुरकुरतात, एरवी जिना चढत नाहीत, पण मालिका संपल्या संपल्या वर! धापा टाकत दारात, हात कमरेवर, अगदी पहिल्या दिवशीसारख्या. "काय मास्तर, संपली तुमची मालिका. छान होती. पण शेवट काही पटला नाही हं." मी म्हटलं, "का हो काकू?" "म्हणे मावसभाऊ! मावसभाऊ म्हणजे दोघांच्या आया बहिणी बहिणी. मग साठ भागांत एकदा तरी मावशी यायला नको? तो सरदार तापाने फणफणला, मावशी आली नाही. घड्याळजीचं दुकान जळालं, मावशी आली नाही. सणासुदीला नाही, आजारपणाला नाही! आपलं तोंडाला येईल ते सांगायचं झालं, बघणारे काय खुळे असतात?"

बोलता बोलता त्यांनी माझ्या सदऱ्याकडे बघितलं. मग डिंक्याच्या सदऱ्याकडे. तीच चौकडी. मग मागच्या खाटेकडे, एकच खाट, तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षं तिथेच आहे ती. आणि वळून जिना उतरता उतरता, कठड्याला धरून, एकेक पायरी मोजून, म्हणाल्या, "तुमच्याकडे तरी एकतीस वर्षांत कुठे आली!"

डिंक्या हसतोय, ठसका लागेपर्यंत हसतोय, खाटेवर लोळून हसतोय, आणि मी दारात तसाच उभा. तुम्ही पण हसा, हसा! पण मला एक सांगा, उद्या काकू पुन्हा जिन्यात भेटणार. राजा म्हणाल तर शिवून देतो, दरबारी म्हणाल तर शिवून देतो, हव्या त्या काळातला माणूस उभा करतो... पण या वयात मावशी कुठून शिवू?